पंचवीस वर्षे, पण कोणत्या पंचांगाची?

प्रत्येक स्मरणिकेत 'संस्थेचा इतिहास' नावाचे एक पान असतेच. नोंदणीची तारीख, पहिली कार्यकारिणी, बोअरवेल, रंगकाम, लिफ्ट, सौर दिवे. ते पान आपल्या सचिवांनी नेटकेपणाने तयार केले आहे, त्यामुळे मी ते पुन्हा लिहीत नाही. स्मरणिका समितीने मला सांगितलं, "ताई, तुम्ही तीस वर्षे इतिहास शिकवलाय, इतिहासावरच काहीतरी लिहा, पण जड नको." म्हणून मी सोपा वाटणारा एक प्रश्न घेतला. पंचवीस वर्षे झाली, असे आपण म्हणतो. ती मोजायची कशी आणि कुठून?

हा प्रश्न मला सुचला तो आपल्याच सभासदांमुळे. नोंदणी प्रमाणपत्राप्रमाणे संस्थेला पंचवीस वर्षे झाली, याबद्दल वाद नाही. पण मूळ सभासदांपैकी एक काका ठामपणे सांगतात की तीस झाली. त्यांच्या दृष्टीने संस्था सुरू झाली ती आठ-दहा जणांनी कपाशीच्या शेतात लिंबाच्या झाडाखाली बसून पहिली वर्गणी काढली त्या दिवशी. पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणतात, "नळाला पाणी आलं तेव्हापासून धरा, त्याआधी काय होतं इथे?" आणि तीन घरी धुणंभांडी करणाऱ्या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझी माय इथे निंदायला यायची." त्यांच्या हिशेबात आपली इमारत अगदी कालची आहे.

या सगळ्यांचे म्हणणे खरे आहे. फक्त प्रत्येकाचे घड्याळ वेगळे आहे. माणसांचे जसे असते, तसेच समाजांचेही असते.

एक इमारत, किती नववर्षे?

आपल्या इमारतीत वर्ष किती वेळा सुरू होते ते मोजून बघा. गुढीपाडव्याला शालिवाहन शक बदलतो. आपले सिंधी शेजारी त्याच सुमारास चेटीचंड साजरा करतात. १ एप्रिलला संस्थेचे हिशेबाचे वर्ष सुरू होते आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, हे थकबाकीदारांनाही ठाऊक आहे. जूनमध्ये मुलांचे वर्ष सुरू होते. दिवाळीच्या पाडव्याला व्यापाऱ्यांचे विक्रम संवत बदलते आणि नवी वही पूजली जाते. मोहरमला हिजरी वर्ष बदलते. १ जानेवारी आहेच.

पण खान्देशी माणसाचे खरे नववर्ष म्हणजे आखाजी. अक्षय्य तृतीया इतर ठिकाणी सोने खरेदीचा मुहूर्त असेल, आपल्याकडे तो वर्षाचा सांधा आहे. सालदाराचे साल आखाजीला संपते आणि नवे साल आखाजीलाच ठरते. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. घागर भरून तिच्यावर खरबूज ठेवतात आणि आमरस-पुरणपोळीचा घास पितरांच्या नावाने देतात. यातली गंमत लक्षात घ्या. एकाच दिवशी मागची पिढी जेवून जाते, लेक घरी येते आणि पुढच्या वर्षाचा करार होतो. गेलेला, चालू आणि येणारा काळ एका पंगतीला बसतात.

त्यानंतर येतो मृग. ७ जूनच्या आसपास सूर्य मृग नक्षत्रात जातो आणि शेतकऱ्याचे पावसाचे वर्ष सुरू होते. आपण रोजच्या तिथी चंद्रावर मोजतो, पण पेरणीसाठी मात्र सूर्य धरतो, कारण चंद्राचे महिने मागेपुढे सरकतात आणि पाऊस त्यांच्यासाठी थांबत नाही. मराठेशाहीच्या दप्तरात वापरला जाणारा शुहूर सनही मृगालाच बदलत असे. म्हणून त्याला मृगसाल म्हणत. नाव अरबी, आकडे अरबी शब्दांत, आणि सुरुवात मात्र आपल्या पेरणीची!

आणखी एक गोष्ट. आपल्या इमारतीतल्या उत्तर भारतीय कुटुंबांचे श्रावणी सोमवार आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतात. दरवर्षी कोणीतरी विचारतं, "यांचा श्रावण आधी कसा?" आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. सातपुडा ओलांडून खरगोनकडे गेलं की महिन्याचे नाव बदलते, चंद्र तोच. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला, त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमीला, आणि तरीही दोघांचा कृष्ण एकाच रात्री जन्मतो. काळाचे मोजमाप वेगळे असले तरी माणसे एकत्र सण करू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

फार मोठा काळ

संस्थेच्या वर्धापनदिनी सत्यनारायण असतो. गुरुजी संकल्प सांगतात तेव्हा आपले लक्ष बहुधा प्रसादाकडे असते. एकदा नीट ऐका. ब्रह्मदेवाच्या आयुष्याच्या उत्तरार्धापासून ते सुरुवात करतात. मग कल्प, मन्वंतर, अठ्ठाविसावे कलियुग, त्याचा पहिला चरण. मग जंबुद्वीप, भरतवर्ष, गोदावरीचा उत्तर तीर. मग शक, संवत्सराचे नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. इतका लांबचा प्रवास करून ते आपल्या पार्किंगमधल्या पाटापर्यंत येतात. पाकिटावर देश, राज्य, जिल्हा, गल्ली, घर क्रमांक लिहावा तसा हा काळातला पत्ता आहे. कलियुग ४,३२,००० वर्षांचे आणि त्यातली जेमतेम पाच हजारांवर काही वर्षे झालेली. या हिशेबात आपली पंचवीस वर्षे म्हणजे डोळ्याची पापणीसुद्धा लवलेली नाही.

जळगाव जिल्ह्यातली चांगदेवाची कथा याच मोठ्या काळातली. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे. मुक्ताईनगर तिथून जवळच. चांगदेव चौदाशे वर्षे जगला, मृत्यूला त्याने पुन्हा पुन्हा परत पाठवले, अशी कथा आहे. त्याला गुरू मिळाली ती कोवळ्या वयाची मुक्ताबाई. वर्षे त्याच्याकडे होती, समज तिच्याकडे. मी वर्गात ही कथा सांगायचे तेव्हा एखादा मुलगा हमखास विचारायचा, "बाई, चौदाशे वर्षे कसं शक्य आहे?" मी म्हणायचे, कथेला तो आकडा दाखला म्हणून द्यायचा नाही. नुसती वर्षे साठवून कोणी मोठा होत नाही, हे तिला सांगायचं आहे. रौप्यमहोत्सव साजरा करणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवायला हरकत नाही.

आपल्याला इतिहासच नव्हता काय?

अशा कथांमुळेच आपल्यावर एक जुना आरोप आहे. हजार वर्षांपूर्वी भारतात येऊन गेलेला विद्वान अल-बिरुनी याने तक्रार केली होती की इथले लोक घटनांच्या क्रमाकडे फारसे लक्ष देत नाहीत आणि अडले की गोष्टी सांगू लागतात. पुढे ब्रिटिश लेखक जेम्स मिल याने १८१७ मध्ये भारताचा इतिहास लिहून तेच फार तुच्छतेने मांडले. तो स्वतः भारतात कधी आला नव्हता.

या आरोपाला उत्तर द्यायला मी तुम्हाला फार लांब नेत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आपण सहलीला जातो. तिथल्या पाटण गावच्या शिलालेखात थोर गणिती भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ कोरलेली आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. 'सिद्धान्तशिरोमणी' त्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिला, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. त्यांचा नातू चंगदेव याने या ग्रंथाच्या अभ्यासासाठी पाटणला मठ काढला आणि तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. दानाचा दिवस शिलालेखात चार-चार खुणांनी पक्का केला आहे: शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण. पुढचा काही भाग जुन्या मराठीत आहे. मठासाठी गावातल्या कोणी काय द्यायचे ते त्यात लिहिले आहे, तेल्याच्या घाण्यापर्यंत. म्हणजे आजच्या भाषेत मेंटेनन्सचा ठरावच!

आता पुढचे पाहा. आजच्या पंचांगाच्या हिशेबाने साठ-साठ वर्षे मागे मोजत गेलो, तर प्रभव संवत्सर शके ११२९ ला येते. शिलालेखातला आकडा एकाने कमी. संवत्सर आणि ग्रहण जुळवून अभ्यासकांनी तो दिवस ९ ऑगस्ट १२०७ ठरवला. कोरणाऱ्याने नुसता आकडा लिहिला असता तर आपण वर्षभराने चुकलो असतो. त्याने आकाशाची साक्ष ठेवली म्हणून आठशे वर्षांनीही दिवस सापडतो. ज्यांना काळाची पर्वा नव्हती त्यांनी हे केले असेल का?

मात्र अल-बिरुनीचे म्हणणे पूर्णपणे झटकूनही टाकता येत नाही. आपण लिहिले, पण जपले नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे आयुष्य याच दुखण्यावर औषध शोधण्यात गेले. १८६३ साली जन्मलेला हा माणूस गावोगाव हिंडून माळ्यावरची, पेटाऱ्यातली दप्तरे मिळवत राहिला. कागद देण्यासाठी लोकांची मनधरणी करायची, वाळवी आणि रद्दी यांच्या आधी पोचायचे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड त्यातून उभे राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचा अंत झाला आणि ९ जानेवारी १९२७ ला, दहा दिवसांच्या आत, धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन केले. धुळ्याला माहेरी गेले की त्या वास्तूवरून जाताना मला नेहमी वाटते, शोक करायला दहा दिवस पुरत नाहीत, पण या लोकांनी तेवढ्यात संस्था काढली.

जुन्या पत्रांवरच्या तारखा वाचणे हेही एक शास्त्र आहे. पुष्कळ पत्रांवर वर्षच नसते. 'छ' म्हणजे चंद्र, त्यापुढे मुसलमानी महिन्याचा दिवस, आणि असलाच तर अरबी शब्दांतला शुहूर सन. पानिपतचा दिवस आपण १४ जानेवारी १७६१ म्हणून पाठ करतो. त्या काळच्या माणसासाठी तो पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, आणि दप्तरात इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१. एकच कारकून ही सगळी कॅलेंडरे डोक्यात ठेवून पत्र लिहीत होता. आज आपल्याला 'तारखेप्रमाणे की तिथीप्रमाणे' एवढ्यावरच भांडायला पुरते.

डांगातले घड्याळ

कागद नसलेल्यांच्या इतिहासाचे काय? आपल्या शेजारचा डांग आता गुजरातेत आहे, पण इंग्रजी अमलात त्याचा कारभार बराच काळ खान्देशातून चाले. इतिहासकार अजय स्कारिया यांनी तिथल्या भिल्ल-कोकणा वृद्धांच्या 'गोठी' ऐकून त्यावर १९९९ मध्ये पुस्तक लिहिले. गोठ म्हणजे वडिलांकडून आलेली हकिगत. आपल्या अहिराणीतली 'गोट' तीच. या गोठींमध्ये सन नाहीत. काळाचे दोन मोठे भाग आहेत: मोगलाई आणि मंडिनी.

मोगलाई म्हटल्यावर आपल्याला औरंगजेब आठवेल. डांगातली मोगलाई तशी नाही. जंगलात कुठेही जावे, शिकार करावी, शेत फिरते ठेवावे, सपाटीवरच्या गावांकडून आपला हक्क वसूल करावा, असा जो काळ, ती मोगलाई. मंडिनी म्हणजे सीमांची मांडणी. साहेब आला, जंगल मोजले, खुणा रोवल्या, हे तुझे आणि हे सरकारचे असे ठरले, तिथून मंडिनी सुरू झाली. आपल्या पाठ्यपुस्तकात काळाचे भाग राजांवरून पडतात. त्यांच्या गोठीत ते एका प्रश्नावरून पडतात: जंगलात मोकळेपणाने जाता येत होतं की नाही? डांगच्या राजांना आजही होळीच्या आधी आहव्याच्या दरबारात सरकारी मानधन दिले जाते. त्यांच्या दृष्टीने मंडिनी पुस्तकात जाऊन पडलेली नाही, ती चालू आहे.

आपणही हे करतोच. घरातली म्हातारी माणसं सन सांगत नाहीत. 'मानमोडीच्या साथीत' म्हणजे १९१८. 'बहात्तरच्या दुष्काळात', 'सुकडी खाऊन काढलेलं वर्ष'. आपल्या इमारतीतसुद्धा 'टँकरच्या उन्हाळ्यात', 'लिफ्ट बसली त्या दिवाळीत', 'कोरोनाच्या आधी' असंच बोललं जातं. जिथे जीव अडकला, तिथे काळाची खूण पडते. आणि 'परवा' हा आपला शब्द तर मागेही जातो आणि पुढेही. 'परवा आले' आणि 'परवा येईन', दोन्हींत दिवस एकच अंतरावर, आपण मध्ये उभे.

घड्याळ एक झाले, तेव्हा

पूर्वी दर गावाची दुपार आपापली होती. सूर्य डोक्यावर आला की बारा. रेल्वे आली आणि हे जमेना. भुसावळहून निघणाऱ्या गाडीने कोणत्या गावचे घड्याळ पाळायचे? रेल्वेने मद्रासची वेळ धरली, मुंबई शहर आपली वेळ धरून बसले. १ जानेवारी १९०६ पासून देशाची एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईत 'मुंबई टाइम' पुढे १९५५ पर्यंत रेंगाळला. ही प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. आपले जळगाव तिच्या पश्चिमेला, म्हणून आपला सूर्य घड्याळापेक्षा सरासरी सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटे मागे चालतो; धुळ्याचा एकतीसच्या आसपास. जळगावची दुपार आणि धुळ्याची दुपार यांत तीन मिनिटांचे अंतर आहे. जळगावकर आणि धुळेकर यांच्यात पुढे कोण, या वादाला निदान सूर्याने तरी उत्तर दिले आहे. मी दोन्हीकडची, म्हणून जास्त बोलत नाही.

त्याच १९०६ साली खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. शहाद्याकडचे एखादे आजोबा पश्चिम खान्देशात जन्मले, धुळे जिल्ह्यात संसार केला आणि नंदुरबार जिल्ह्यात वारले असतील, आणि सगळे आयुष्य एकाच घरात गेले असेल. सरकारचा काळ बदलत गेला, ओटा जागचा हलला नाही.

वहीत कोण नसतं?

आता थोडं अवघड बोलते. आपल्यापैकी अनेक जण नाशिक-त्र्यंबकेश्वरला विधीसाठी जातात. तिथले तीर्थोपाध्ये गाव आणि आडनाव विचारतात आणि जुनी नामावळी उघडतात. पणजोबा आले होते, सोबत कोण होते, सही किंवा अंगठा. अंगावर काटा येतो. वर्षापेक्षा पिढी महत्त्वाची मानणारा हा इतिहास फार मोलाचा आहे. पण आमच्या घरची नामावळी पाहताना मी माझ्या आजीचे, पणजीचे नाव शोधले. मुलगे, त्यांचे मुलगे, त्यांचे मुलगे. ज्यांनी ते मुलगे वाढवले, त्या बायांचा पत्ता नाही.

बहिणाबाई चौधरींचेच पाहा. आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्यांच्या जन्माची तारीख २४ ऑगस्ट १८८० अशी छापली जाते आणि तिथी नागपंचमी सांगतात. आता पडताळा घ्या. तिथी आणि तारीख दर १९ वर्षांनी जवळजवळ जुळून येतात. १८८० मध्ये १९ चे सात फेरे, म्हणजे १३३ वर्षे मिळवली की २०१३ येते. घरात जुने कॅलेंडर असेल तर काढून बघा, २०१३ ची नागपंचमी ११ ऑगस्टला होती. म्हणजे १८८० ची श्रावण शुद्ध पंचमीही १०-११ ऑगस्टलाच पडते, २४ ला नाही. तारीख आणि तिथी दोन्ही एकाच वेळी खऱ्या असणे कठीण.

मग कोणावर विश्वास ठेवायचा? माझे मत तिथीच्या बाजूने आहे. असोद्याच्या शेतकरी घरात १८८० साली इंग्रजी तारीख कोण लिहून ठेवणार? पण सणाच्या दिवशी लेक झाली हे घर विसरत नाही. आईच्या, आत्याच्या तोंडी ती खूण राहिली असणार. कागदावरची तारीख मागाहून आली असावी. लिहिलेले तेवढे खरे आणि सांगितलेले ते खोटे, हा नियम इथे चालत नाही. दोन्ही तपासावे लागते.

आणि बहिणाबाईंच्या ओव्याही वहीत नव्हत्याच. जात्यावर, शेतात त्या म्हणत, आणि मुलगा सोपानदेव व घरची माणसं लिहून घेत. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक आले. लिहून घेणारे नसते तर? धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात अठरा रविवारी विनोबा गीतेवर बोलले. समोर बसून साने गुरुजी लिहून घेत होते, म्हणून 'गीता प्रवचने' आहे. आमच्या खान्देशाने मोठे लेखक दिलेच, पण मला वाटतं, त्याने त्याहून मोठे लिहून घेणारे दिले. राजवाडे तरी वेगळे काय करत होते?

आपली वही

म्हणून हा सगळा प्रपंच. या स्मरणिकेसाठी मी संस्थेची सुरुवातीची इतिवृत्ते वाचली. ठराव, सूचक, अनुमोदक. पहिल्या सात-आठ वर्षांत एकाही बाईचे नाव नाही. टँकरच्या उन्हाळ्यात रात्री दोनला उठून बादल्यांची रांग लावणाऱ्या, पाळीपाळीने सगळ्यांची मुले सांभाळणाऱ्या, गणपतीची वर्गणी घरोघर मागणाऱ्या बायकांनी ही संस्था उभी केली, हे इथे राहणारा प्रत्येक जण जाणतो. इतिवृत्त जाणत नाही. तसेच ज्यांनी विटा वाहिल्या, ज्यांनी पंधरा वर्षे गेटवर रात्री काढल्या, ज्यांच्या शेतात आपण राहतो, ज्यांच्या आईने हीच जमीन निंदली, ते कोणत्याच पानावर नाहीत. आणखी पंचवीस वर्षांनी सुवर्णमहोत्सव होईल. तेव्हा सांगणारे नसतील. लिफ्ट कधी बसली हे सापडेल, पण ती बसण्याआधी चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना खुर्चीत बसवून खाली कोणी आणले, ते सापडणार नाही.

कार्यकारिणीने माझी एक विनंती मान्य केली आहे. संस्थेच्या कार्यालयात दोनशे पानांची एक कोरी वही ठेवली आहे. प्रत्येक घराने त्यात निदान एक पान लिहावे. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारायचे आणि सर्वांत लहान लिहित्या मुलाने लिहून घ्यायचे, ही एकच अट. अहिराणीत सांगितले तर अहिराणीत, सिंधीत सांगितले तर सिंधीत. सन आठवला तर सन लिहा. नाही आठवला तर कोणता सण होता, पाऊस होता की नाही, कोणाच्या लग्नाआधी की नंतर, ते लिहा. पाटणच्या शिलालेखासारख्या दोन-चार खुणा एकत्र ठेवल्या की दिवस आपोआप सापडतो. आणि वहीत पहिलं नाव घरच्या बाईचं घाला. कामाला येणाऱ्या मावशी, वॉचमन दादा यांच्यासाठी शेवटची वीस पाने राखून ठेवली आहेत. त्यांनाही कोणीतरी विचारा. मी सुरुवात केली आहे, तीन पाने भरली आहेत.

वही येत्या आखाजीपर्यंत कार्यालयात राहील. त्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर बसून ती वाचू. ज्यांना वाचता येणार नाही त्यांना वाचून दाखवू. आमरस आणायची जबाबदारी माझी.

सर्व सभासद कुटुंबांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा!

(लेखिका संस्थेच्या सभासद व निवृत्त शिक्षिका आहेत.)